पीकसंरक्षक बंदूक : माशी, दुर्बीण व लेसर किरण

गेल्या दोन हंगामांत आपल्या संघाच्या कित्येक सभासदांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारला आहे. तो असा कीं, शेतराखणीच्या बंदुकीवर लेसर किरणाचें यंत्र अथवा दुर्बीण बसवावी काय, आणि बसवावयाची झाल्यास कोणती घ्यावी? हा प्रश्न हौसेचा नाहीं. भात पोटरींत यावें आणि एका रात्रींत रानडुकरांच्या कळपानें त्याचा चिखल करावा. रताळीं काढणीस यावीं आणि सकाळीं वाफ्यांत नुसते खड्डे दिसावे. हा अनुभव ज्यास आला आहे तो मनुष्य कोणत्याही नव्या साधनाकडे आशेनें पाहील यांत नवल तें काय? विक्रेतेही हें जाणून आहेत. "हें यंत्र लावा, नेम चुकणार नाहीं" असें सांगून ते आपला माल शेतकऱ्याच्या गळ्यांत बांधतात. तेव्हां या साधनांची रचना कशी असते, तीं काय करूं शकतात व काय करूं शकत नाहींत, याचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस आवश्यक वाटतें.

प्रथम बंदुकीची योग्यता

साधनाचा विचार करण्यापूर्वीं बंदुकीचा विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणें पीकसंरक्षणासाठीं परवाना मिळतो तो मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा. ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देतां येतो. ही दुसरी बंदूक बहुधा बारा बोराची असते. बारा बोर म्हणजे काय हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी जितक्या रुंद नळींत बरोबर बसेल, ती नळी बारा बोराची. हा व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर भरतो.

या दोन्ही बंदुकांची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळींत मळसूत्री खांचा असतात. त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व दूरवर सरळ राहाते. गुळगुळीत नळींतून निघालेल्या साध्या गोळीस ही फिरकी मिळत नाहीं. म्हणून एकच मोठी गोळी असली तरी सुमारें पन्नास मीटरांच्या पलीकडे तिचा भरंवसा धरूं नये. मोठ्या छऱ्यांचें काडतूस असेल तर मर्यादा याहूनही जवळ, म्हणजे पंचवीस ते तीस मीटरांची. सरळ नळींतून सुटलेले छरे ढोबळ मानानें दर वारास एक इंच या प्रमाणांत फांकतात. तीस वारांवर त्यांचा घेर तीस इंच होतो. डुकराच्या छातीचा वर्मी भाग साधारण वीतभर रुंद असतो. तीस इंचांच्या घेरांतील थोडे छरे तेथें लागतात. बाकीचे पोटांत किंवा पायांत बसतात, अथवा मागच्या झाडींत जातात. जखमी डुक्कर किती घातक असतें हें सांगावयास नको.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जी बंदूक पन्नास मीटरांपुढें विश्वसनीय नाहीं, तिच्यावर दोनशें मीटर दाखविणारी दुर्बीण चढविल्यानें ती बंदूक दोनशें मीटरांची होत नाहीं. साधन पाहाण्यास साहाय्य करतें. बंदुकीची शक्ति वाढवीत नाहीं.

साधी माशी आणि पिकलेला डोळा

साध्या बंदुकीच्या नळीच्या टोंकाशीं पितळेचा एक मणी असतो. त्यास आपण माशी म्हणतों. रायफलीस मागें खांचही असते. आपल्या बंदुकीस बहुधा ती नसते. तेथें नेमबाजाचा डोळा हीच मागची खांच होय. म्हणून गाल दस्त्यावर दर वेळीं एकाच जागीं टेकला पाहिजे. गाल बोटभर वर राहिला तर गोळी वर जाते, आणि नेमबाज दोष मात्र दारूला देतो.

माशीचा नेम धरतांना डोळ्यास जवळची माशी व दूरचें जनावर हीं दोन्ही एकदम पाहावीं लागतात. परंतु मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्पष्ट पाहूं शकतो. तरुणपणीं डोळ्यांतील भिंग लवचिक असल्यामुळें तो क्षणांत जवळून दूर व दुरून जवळ सरतो. चाळिशी उलटली कीं ही लवचिकता कमी होते व माशी धुरकट दिसूं लागते. आपल्या सभासदांपैकीं परवानाधारकांत साठीच्या आसपासचे लोकच अधिक आहेत, आणि त्यांचें मुख्य गाऱ्हाणें हेंच आहे. नव्या साधनाची खरी गरज कोठें असेल तर ती येथें आहे, दूरचें पाहाण्यांत नव्हे.

यावर अगदीं अल्प खर्चाचा उपाय असा कीं, माशीवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा व डोळे तपासून योग्य चष्मा घ्यावा. कित्येकांचें काम एवढ्यानेंच भागेल.

दुर्बीण

बंदुकीच्या दुर्बिणीवर ४×३२ असे आंकडे लिहिलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसेल तें सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें असतां डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास निघतो. येथें तो ८ मिलिमीटर. अंधारांत तरुण माणसाची बाहुली सुमारें ७ मिलिमीटरांपर्यंत उघडते, वृद्धाची त्याहून बरीच कमी. म्हणून ४×३२ ची दुर्बीण संधिप्रकाशांत डोळ्याला मावेल तितका उजेड देते. पण ९×३२ ची दुर्बीण साडेतीन मिलिमीटरांचाच झोत देते व काळोखी दिसते. "जितके पट अधिक तितकी दुर्बीण चांगली" हा समज यामुळें चुकीचा ठरतो. शिवाय पट वाढले कीं दिसणारें क्षेत्र आकुंचित होतें, आणि तीस मीटरांवर धांवणारें जनावर दुर्बिणींत सांपडतच नाहीं.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या अंतराची. दुर्बिणींतून पूर्ण चित्र दिसण्यास डोळा मागच्या भिंगापासून साधारण ७५ ते १०० मिलिमीटरांवर ठेवावा लागतो. बारा बोराचा धक्का मोठा असतो. ज्यानें गाल पुढें सरकवून बार काढला त्याच्या भुंवईवर दुर्बिणीची कड आपटून जखम होते. छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठीं केलेली स्वस्त दुर्बीण बारा बोरावर बसविल्यास थोड्याच बारांत तिच्या आंतील तारा हलतात. दुर्बीण घ्यावयाचीच असेल तर दीड ते चार पटींच्या आंतील, डोळ्यापासून भरपूर अंतर ठेवूं देणारी, मोठ्या धक्क्यासाठीं केलेली आणि आंत नत्रवायु भरून बंद केलेली अशी घ्यावी. नत्रवायु नसेल तर कोंकणच्या पावसाळ्यांत पहिल्या पंधरवड्यांतच भिंगांवर आंतून वाफ धरते.

लाल बिंदूची कांच

दुर्बिणीहून निराळें असें एक साधन आहे. त्यांत वस्तु मोठी दिसत नाहीं. एका वक्र कांचेवर लहान दिव्याचा प्रकाश परावर्तित होतो व पाहाणाऱ्यास समोरच्या देखाव्यावर एक लाल बिंदु तरंगतांना दिसतो. या कल्पनेचें मूळ डब्लिन येथील दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांच्या १९०० सालच्या शोधांत आहे. विजेच्या दिव्याचा आधुनिक लाल बिंदु स्वीडनमध्यें १९७५ सालीं एमपॉइंट या मंडळीनें बाजारांत आणला. हा बिंदु जनावरावर पडत नाहीं. तो केवळ नेमबाजास दिसतो, आणि दूर असल्यासारखा दिसतो. म्हणून डोळ्यास जवळ-दूर अशी कसरत करावी लागत नाहीं. दोन्ही डोळे उघडे ठेवतां येतात, भोंवतालचें शेत दिसत राहातें, व डोळा कांचेपासून किती अंतरावर आहे याची पर्वा राहात नाहीं. धक्क्यानें भुंवई फुटण्याचें भय त्यामुळें गेलें. साठीच्या शेतकऱ्यास माशी धुरकट दिसत असेल, आणि बंदूक काडतुसाची असेल, तर सर्व साधनांत आम्ही यासच अधिक मान देऊं. अंधारांत बिंदूचा उजेड अगदीं मंद ठेवावा. प्रखर ठेवल्यास तो जनावरासच झांकून टाकतो. विजेचा घट हंगामाच्या आरंभीं बदलावा व दुसरा एक खिशांत असावा.

लेसर किरण

लेसरचा शोध १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं लावला. आज बोटाएवढ्या नळींत हा किरण मिळतो. बंदुकीवर बसविलेल्या यंत्रांतून निघालेला किरण समोरच्या वस्तूवर प्रत्यक्ष ठिपका पाडतो. त्या ठिपक्यावर गोळी लागते असें विक्रेता सांगतो. हें कितपत खरें आहे तें हिशेबानें पाहूं.

किरण सरळ रेषेंत जातो. गोळी मात्र नळींतून सुटल्या क्षणापासून खालीं पडूं लागते. गोळीचा सरासरी वेग सेकंदास ४०० मीटर धरला तर २५ मीटर जाण्यास तिला सेकंदाचा सोळावा भाग लागतो व तेवढ्यांत ती सुमारें २ सेंटिमीटर उतरते. ५० मीटरांस सेकंदाचा आठवा भाग लागतो व उतार पावणेआठ सेंटिमीटर होतो. अंतर दुप्पट, उतार चौपट. आतां यंत्र नळीच्या खालीं ५ सेंटिमीटरांवर बसविलें, व २५ मीटरांवर ठिपका आणि गोळी एकत्र येतील असें जुळविलें. किरण खालून वर चढत असल्यामुळें ५० मीटरांवर तो नळीच्या रेषेच्याही वर एक सेंटिमीटर जातो; गोळी तोंवर पावणेआठ सेंटिमीटर खालीं आलेली असते. म्हणजे ठिपक्याच्या सुमारें ९ सेंटिमीटर खालीं गोळी लागली. तेंच यंत्र नळीच्या वर ५ सेंटिमीटरांवर बसवून त्याच प्रकारें जुळविल्यास किरण गोळीबरोबर खालीं उतरत जातो आणि ५० मीटरांवर फरक एका सेंटिमीटराच्या आसपास राहातो. बाजारांत मिळणारीं पुष्कळ यंत्रें नळीखालीं बसविण्याचीं असतात, हें येथें लक्षांत ठेवावें.

रंगाविषयींही असाच विचार आहे. आपला डोळा हिरव्या प्रकाशास अधिक संवेदनशील आहे. ५३२ नॅनोमीटरांचा हिरवा किरण तितक्याच शक्तीच्या ६५० नॅनोमीटरांच्या लाल किरणापेक्षां सुमारें आठपट उजळ भासतो. लाल ठिपका भर उन्हांत थोड्याच अंतरावर दिसेनासा होतो. पण डुकराच्या डोळ्यांत रंग ओळखणारे घटक दोनच प्रकारचे असतात. लाल टोंकाकडील प्रकाश त्यास फारसा जाणवत नाहीं, हिरवा मात्र चांगला जाणवतो. म्हणजे मनुष्यास सोयीचा तो रंग जनावरासही दिसणारा. धुकें अथवा पावसाची भुरभुर असली कीं किरणाची सबंध रेषाच उजळते, आणि डोळा लक्ष्याकडे न जातां त्या रेषेकडे ओढला जातो.

एकदां नेमबाजीच्या अधिकृत मैदानावर बाजारांतून आणलेलें एक स्वस्त यंत्र बारा बोरावर बसवून आम्हीं परीक्षा केली. २५ मीटरांवर जुळणी बरोबर झाली. पांच बारांनंतर ठिपका जेथें होता तेथून गोळी वीतभर बाजूस लागूं लागली. धक्क्यानें कडें सैल झालें होतें. डोळ्यास तें दिसत नव्हतें. यंत्रानें खोटें सांगावें आणि आपण तें खरें मानावें, यापेक्षां यंत्र नसलेलें काय वाईट?

ठिपका लक्ष्य ओळखीत नाहीं

याहून गंभीर गोष्ट आतां सांगतों. काहीं वर्षांपूर्वीं रीतसर परवानगी हातीं असतांना आम्ही एका सभासदाच्या भाताच्या मळ्यांत माळ्यावर बसलों होतों. मध्यरात्र उलटून गेली होती. बांधाकडच्या भातांत कांहीं काळें, ठेंगणें, हळू हळू सरकतांना दिसलें. बंदूकधाऱ्यानें किरण सोडला. लाल ठिपका त्या काळ्या पाठीवर स्थिर झाला. ठिपका इतका नेमका होता कीं मनाची खात्रीच झाली. तेवढ्यांत शेजारी बसलेल्या मुलानें विजेरी लावली. बांधावर ओणवा होऊन, डोक्यावरून कांबळें घेऊन, शेजारच्या शेताचा गडी पाण्याची मोरी मोकळी करीत होता. बंदूकधाऱ्याचें बोट घोड्याच्या बाहेर होतें म्हणून तो मनुष्य आज हिंडतो आहे.

त्या रात्रीचा बोध आम्हांस असा झाला. नेम कोठें लागेल हें ठिपका सांगतो. समोर कोण आहे हें तो सांगत नाहीं. उलट नेम पक्का बसल्याच्या समाधानानें ओळख पटविण्याची इच्छाच मंदावते. म्हणून रात्रीं प्रथम गरज किरणाची नव्हे, प्रकाशाची. चांगली विजेरी, आणि ती धरणारा दुसरा मनुष्य, हें साधन कोणत्याही लेसरपेक्षां श्रेष्ठ होय. जनावराचें तोंड, कान व पाय स्पष्ट दिसल्याशिवाय आणि त्याच्यामागें मातीचा बांध किंवा चढ असल्याची खात्री झाल्याशिवाय बार काढूं नये. मोकळ्या आभाळाकडे सुटलेली गोळी कोणाच्या अंगणांत पडेल याचा नेम नाहीं. दुर्बिणीचाही असाच एक दुरुपयोग होतो. बंदुकीवरच्या दुर्बिणींतून "तें काय आहे" म्हणून पाहाणें म्हणजे भरलेली नळी त्या वस्तूवर रोखणें होय. पाहाण्यासाठीं गळ्यांत वेगळी दुर्बीण असावी.

किरण कोणाच्याही, जनावराच्या सुद्धां, डोळ्यांवर खेळ म्हणून टाकूं नये. ५ मिलिवॅटांहून अधिक शक्तीचा किरण डोळ्याच्या पडद्यास कायमची इजा करूं शकतो, आणि बाजारांतील स्वस्त यंत्रांवर छापलेला आंकडा नेहमींच खरा असतो असें नाहीं.

कायद्याची बाजू

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. या दोन गोष्टी पुष्कळ लोक एक समजतात व अडचणींत येतात. रानडुक्कर व नीलगाय हीं दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत आहेत; उभ्या पिकास तीं घातक झालीं असतां वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच त्यांस मारतां येतें, व परवानगींतील वेळ, जागा आणि संख्या यांच्या अटी बंधनकारक असतात. गवा पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें त्याच्या वाटेस जाऊं नये. नुकसान झाल्यास त्वरित वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा मार्ग तोच आहे.

बंदुकीवर कोणतेंही साधन बसविण्यापूर्वीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास लेखी विचारावें. नळीस भोंक पाडणें, डाग देणें, असलीं कामें गांवच्या लोहाराकडून मुळींच करवूं नयेत. भोंक पडलेली नळी दारूच्या दाबानें फुटते, आणि परवाना नसलेल्यानें बंदूक दुरुस्त करणें हाही गुन्हा आहे. आवाज किंवा ज्वाला कमी करणारें साधन तर कायद्यानें स्वतःच बंदुकींत गणलें आहे. त्याच्या नादीं लागूं नये.

निवड

वरील सर्व विचारांचें तात्पर्य येणेंप्रमाणें आहे. ज्याची बंदूक ठासणीची आहे त्यानें दुर्बीण, लाल बिंदु वा लेसर यांपैकीं कशावरही पैसा घालूं नये. तिची दारू हातानें भरली जाते. माप थोडें बदललें कीं गोळीचा वेग बदलतो व केलेली जुळणी व्यर्थ होते. त्यानें माशीवर पांढरा ठिपका द्यावा, चष्मा घ्यावा, आणि उरलेल्या पैशाची उत्तम विजेरी घ्यावी. ज्याची बंदूक काडतुसाची असून डोळा अधू झाला आहे त्यानें, अधिकाऱ्याची संमति असल्यास, लाल बिंदूची कांच नळीच्या वर घट्ट बसवून घ्यावी. दुर्बीण ही मोकळ्या माळावर, एकच गोळी वापरणाऱ्यास, दिवसा उपयोगी; दाट कोंकणी रानांत तिचा उपयोग थोडा. लेसर किरण शेतराखणीस आम्ही सुचवीत नाहीं.

साधन बसविल्यावर अधिकृत मैदानावर, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून, नेहमीं वापरावयाच्या काडतुसानेंच जुळणी करावी. प्रथम २५ मीटरांवर तीन बार काढावे. तिन्ही खुणांचा मध्य पाहून खिळे फिरवावे. एका बारावरून फिरवूं नये. दुर्बिणीच्या खिळ्याची एक टिचकी बहुधा १०० मीटरांवर ७ मिलिमीटर सरकविते. २५ मीटरांवर तीच टिचकी पावणेदोन मिलिमीटर सरकविते, हें लक्षांत ठेवलें म्हणजे व्यर्थ काडतुसें खर्च होत नाहींत. दर हंगामाच्या आरंभीं, आणि बंदूक हातून पडली तर त्याच दिवशीं, ही तपासणी पुन्हां करावी. कांच धोतराच्या सोग्यानें पुसूं नये. मऊ स्वच्छ कापड ठेवावें.

शेवटीं एक विनंती. डुकरांपासून पीक वांचविण्याचे कुंपण, चर व पाळीपाळीची राखण हे मार्ग संपल्यावर बंदुकीचा क्रम येतो. आणि ती हातीं घ्यावयाची झाल्यास घरांतील एकानें तरी रोज सायंकाळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस "आज आम्ही राखणीस आहों, अमुक बाजूस येऊं नका" असें सांगून यावें. त्या रात्रीच्या गड्यास हा निरोप कोणीं दिला नव्हता. चूक त्याची नव्हती, आमची होती.